पृथ्वीने चंद्राचा बांध खाल्ला

मी एक जुना पोलादी गोळा आहे, लहान लिंबाएवढा, एका अंगाने गंजलेला, आणि माझा राग अजून गेलेला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की मऊ होतात. छत्री रडते, दौत रडते, फुटकी पाटीसुद्धा सर्वांना माफ करून टाकते. मी पोलादाचा आहे. मला मऊ होता येत नाही.

माझे आयुष्य वर्षांनी सांगता येणार नाही, कारण गोळ्याला वर्षे कळत नाहीत. त्याला उंची कळते. म्हणून मी जिथे जिथे होतो, तिथली जमिनीपासूनची उंची वर लिहितो आणि खाली काय घडले ते लिहितो. उंचावर ठेवलेली वस्तू काही विसरत नाही. तिला वर चढवताना कोणीतरी जोर लावलेला असतो. तो जोर तिच्यात तसाच बसून राहतो आणि खाली पडण्याची वाट पाहतो. शाळेत त्याला स्थितिज ऊर्जा म्हणतात. मी त्याला राग म्हणतो.

चार हात

एवढ्या उंचीवर मी पहिल्यांदा काम केले. माझा जन्म समुद्रापलीकडचा, पण त्यातले मला काही आठवत नाही. आठवते ते धामणगावच्या जिनापासून, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करतात त्या कारखान्यापासून. तिथल्या मोठ्या आसाभोवती आम्ही अकरा भाऊ एका कड्यात बसवलेले होतो. दिवाळी ते होळी आम्ही फिरत असू. तेल पाजणारा मिस्त्री आम्हाला बोट लावून म्हणायचा, "काय गुळगुळीत पोरं आहेत!" मित्रांनो, ती माझ्या वाट्याला आलेली पहिली शाबासकी, आणि तिच्यात काही खोट नव्हती.

पुढे यंत्र मोडीत निघाले. दहा भाऊ भट्टीत गेले. मला मालकाच्या वकिलाने मागून घेतले.

पावणेदोन हात

ही त्या वकिलाच्या टेबलाची उंची. वकिलाचे नाव मोरोपंत. तुम्ही वडीलधाऱ्यांना अहोजाहो करता, ते चांगलेच आहे. या एका माणसाला मी करणार नाही.

अमरावतीच्या त्याच्या बैठकीत मी एका पितळी कडीत बसलेला असे. विचार करताना तो मला तळहाताखाली फिरवायचा. पक्षकार आले की मला उचलून दाखवायचा.

"हा गोळा बघा. माणूस दोन रुपयांना फुटतो. हा साक्षीदार फुटत नाही. जिकडे उतार, तिकडेच जाणार."

लोक माना डोलवत. मीही मनात डोलत असे. मला वाटे, या जगात माझा खरेपणा ओळखणारा एक तरी माणूस आहे.

मूर्ख होतो मी.

शून्य

अमरावतीहून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत मोरोपंताची संत्र्याची बाग होती. तिला लागून सहदेव आणि त्याची बायको सत्यभामाबाई यांचा भाजीचा मळा. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, कडेला झेंडू. मळ्याच्या कोपऱ्यात विहीर. त्या विहिरीवर त्या दोघांचे पोट होते.

लोक ज्याला एकोणीसशे छत्तीस साल म्हणतात, त्या साली नाल्याला पूर आला आणि दोन शेतांमधला बांध वाहून गेला. हद्दीचे दगडही गेले. सरकारी नकाशात हात-दोन हातांचा फरक कळत नाही. अशा वेळी त्या भागातले पंच एक जुनी रीत वापरतात. दोन शेतांमध्ये जमिनीचा जो माथा असेल, जिथून पाणी एका बाजूला याच्याकडे आणि दुसऱ्या बाजूला त्याच्याकडे उतरते, ती रेघ म्हणजे बांध. रीत चांगली आहे. पंच शेतात पाणी ओतून बघतात.

मोरोपंत म्हणाला, "पाणी कशाला ओतता? चिखल होतो. माझ्याकडे याहून चांगली सोय आहे." आणि त्याने रुमालातून मला बाहेर काढले. गड्याने एक सागवानी फळी आणली.

फळी जमिनीवर ठेवायची, मधोमध मला ठेवायचे. मी जिकडे पळेन तिकडे उतार. पंचांना ते पटले. त्यांच्यातला म्हातारा गोवर्धन तर खूश झाला.

आता ऐका. ती फळी एका टोकाला बोटभर जाड होती. तासतानाच तशी ठेवलेली. जाड टोक दर वेळी विहिरीकडे. वरून कोणाला दिसले नाही. मला दिसले, कारण मी तिच्यावरच बसलो होतो.

जुन्या बांधाच्या जागेवर ठेवले, मी मोरोपंताकडे पळालो. दोन हात आत ठेवले, तरी त्याच्याकडेच. चार हात, तरी त्याच्याकडे. सहा हात आत गेल्यावर जमिनीचा खरा उतार आणि फळीचा खोटा उतार बरोबरीला आले आणि मी थांबलो.

"हा माथा!" मोरोपंत म्हणाला.

सहदेव पुढे आला. "वकीलसाहेब, आमच्या आज्यापासून बांध त्या निंबापाशी होता."

"सहदेव, निंब कोर्टात बोलतो का?"

"नाई बोलत."

"गोळा बोलतो. तुझ्यासमोर बोलला."

पंचांनी चुन्याची रेघ मारली. रेघ आणि विहीर यांच्यामध्ये दोनच हात उरले. सत्यभामाबाई तिथेच उभी होती. ती म्हणाली, "पुढच्या पुराले तुमी इहीर नेसान."

मोरोपंत हसला. त्याने "नाही" म्हटले नाही.

मला चिखल लागला होता. त्याने मला रुमालात परत घेतले नाही. पायाने बाजूला सारले आणि गेला.

मित्रांनो, मला फेकले म्हणून मी रागावलो असे समजू नका. जुन्या वस्तू फेकल्या जातातच. मी आयुष्यात कधी खोटे बोललो नव्हतो. त्याने माझ्या तोंडून खोटे वदवले आणि वर लोकांना सांगितले की हा फुटत नाही.

शून्याच्या चार बोटे खाली

वांग्याच्या वाफ्यात. अंधार, ओल, गंज. पाण्याची प्रत्येक पाळी माझ्यावरून गेली आणि प्रत्येक पाळीला मी त्याचे नाव घेतले.

दोन हात

खुरप्याचे टोक मला लागले. सत्यभामाबाईने मला उपसून पदराने पुसले आणि ओळखले.

"अवो, हा थोच गोया! यानंच खाल्लं माह्यं वावर."

ती मला विहिरीत टाकायला निघाली. सहदेव ओरडला, "इहिरीत टाकू नोको! पानी खोटं होईन."

त्या वाक्याने मला जे झाले ते मी लिहू शकत नाही.

तिने मला झोपडीतल्या फळकुटावर ठेवले आणि लसूण-मिरची ठेचायला वापरू लागली. एखाद्या गोळ्याला हा अपमान वाटला असता. मला बरे वाटायचे. ठेचताना ती मोरोपंताचे नाव घ्यायची. दिवसातून दोनदा आम्ही दोघे मिळून त्याला ठेचत होतो.

अर्ज तिने केलाच होता. मध्यप्रांत आणि वऱ्हाड सरकारच्या भूमापन खात्याकडे, फेरमोजणीसाठी. अर्ज अकोल्याच्या कचेरीत जाऊन पडला, आणि इकडे पुढचा पावसाळा जवळ येत चालला.

अशात रविकांत मास्तर आला. अमरावतीच्या एका शाळेत तो विज्ञान शिकवायचा आणि भाजी थेट मळ्यातून न्यायचा. मेथी घेता घेता त्याची नजर माझ्यावर गेली.

"सत्यभामाबाई, हा गोळा मला द्याल का? चंद्रावर पाठवायचा आहे."

सहदेवने तंबाखू थुंकली. "मास्तर, ऊन लागलं का?"

मास्तर हसला. अकोल्याच्या एका वाचनालयात त्याला व्याख्यान द्यायचे होते. विषय होता, पृथ्वीवरून चंद्रावर यान कसे जाईल. विलायतेत लोक अग्निबाण उडवून बघत होते, त्याबद्दल त्याने मासिकात वाचले होते.

"चंद्रावर कोन राह्यते?" सत्यभामाबाईने विचारले.

"कोणी नाही."

"पानी?"

"तेही नाही."

"मंग जाता कायले?"

मास्तरने मेथीची जुडी पिशवीत टाकली. तो म्हणाला, "तुम्ही एवढ्या सफाईने वाफे बांधता, मला मातीचं एक काम करून द्या. बाकीचं मी बोलतो."

बावीस बोटे

सुताराने पाच हात लांब लाकडी साचा केला, दोन तुकड्यांचा, म्हणजे नेता येईल असा. आत मातीचे काम सत्यभामाबाईचे. नुसती काळी माती वाळली की भेगाळते, म्हणून तिने पांढरी माती आणली, गव्हाचे कुटार, म्हणजे भुसा, मिसळले आणि वरून चुन्याने घोटले.

रविकांतने समजावले ते असे. पृथ्वी म्हणजे एक खोल खड्डा. आपण सगळे त्याच्या तळाशी बसलो आहोत. चंद्र म्हणजे दुसरा खड्डा, पण उथळ. पृथ्वीचा बावीस बोटे धरला तर चंद्राचा एक बोट. दोन्हींच्या मध्ये एक बांध आहे. यानाला जोर लागतो तो बांधाच्या माथ्यापर्यंत चढायला. माथा ओलांडला की चंद्रच त्याला ओढून घेतो. खऱ्या यानाला हा जोर इंधन जाळून मिळेल. माझ्यासारख्या गोळ्याला तो उंचीवरून मिळणार होता. पृथ्वीच्या खड्ड्यामागे एक उंच घसरण केली होती. तिच्यावरून मला सोडायचे. मी खड्ड्यात उतरून वेग घेणार आणि समोरचा चढ चढणार. बांधापेक्षा कमी उंचीवरून सोडला तर अर्ध्यातून परत. थोड्या जास्त उंचीवरून सोडला तर पार.

सत्यभामाबाईने खड्डे सुरेख केले. मग तिने बांध घातला. बरोबर मधोमध.

"बाई, मधे नाही. इकडे हवा, चंद्रापासून अर्ध्या हातावर."

"काहून? दोन शेजाऱ्यायचा बांध मधातच असते."

"पृथ्वी जड आहे. तिची ओढ लांबपर्यंत पोचते. दोन्हींची ओढ जिथे सारखी होते ती जागा चंद्राच्या दाराशी आहे."

तिने हातातली थापी खाली ठेवली. "म्हंजे पुर्थिवीनं चंद्राचा बांध खाल्ला."

"अहो, तसं नाही..."

"तसंच हाय. साडेचार हात तिचे न् अर्धा हात त्याचा. मी नाई घालत असा बांध. दुसऱ्या कोनाले सांगा."

दोन दिवस काम बंद पडले. मास्तर रोज सायकलवरून यायचा, मेथी घ्यायचा, साच्याकडे बघायचा आणि परत जायचा. सहदेव त्याला हळूच म्हणाला, "मास्तर, चंद्राले जरा जास्त देऊन टाका ना. कोन पाहून राह्यलं?"

तिसऱ्या दिवशी मास्तर तिच्यासमोर मातीत बसला. "सत्यभामाबाई, पृथ्वीने बांध सरकवलेला नाही. तिथे कोणी फळी घेऊन गेलं नव्हतं. दोन्हींचं जे वजन आहे, त्यावरून तो बांध आपोआप तिथेच येतो. तुमचा बांध माणसाने सरकवला. यात फरक आहे."

तिने थापी उचलली. मग म्हणाली, "मंग माह्या वावराचा बांध आपोआप कोठी हाय, थे कोन सांगन?"

"उतारच सांगेल. त्याला नीट विचारलं पाहिजे."

तिने मधला बांध मोडला आणि चंद्राच्या दाराशी नवा घातला. घालताना चंद्राच्या बाजूवरून हात फिरवून म्हणाली, "सोस बापा."

साडेतीन हात, अकोला

बैलबंडीतून बडनेऱ्यापर्यंत आणि तिथून रेल्वेच्या सामानाच्या डब्यातून आम्ही अकोल्याला गेलो. वाटेत माती उडाली तर लिंपायला सत्यभामाबाई सोबत होती. वाचनालयाच्या मंचावर टेबल, टेबलावर साचा, आणि टेबलाच्या चंद्राकडच्या टोकाशी अध्यक्षांची खुर्ची.

अध्यक्ष मोरोपंत होता.

अशा सभांना तोच अध्यक्ष असायचा. त्याने प्रास्ताविकात पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांचे नाव घेतले, "भूमापन खात्याचे अधिकारी श्रीयुत महादेवराव." बायकांच्या बाजूला, चिकाच्या, म्हणजे बांबूच्या काड्यांच्या, पडद्याआड, सत्यभामाबाईने ते ऐकले. तिचा अर्ज ज्यांच्या टेबलावर होता ते हेच.

मी त्या वेळी वेगळ्या विचारात होतो. मोरोपंताचे नाक टेबलाच्या टोकापासून दोन हातांवर होते. मास्तरने मला घसरणीवर चार बोटे जास्त उंच धरले, तर मी बांध ओलांडीन, चंद्रात थांबणार नाही, टेबल सोडून उडेन आणि त्या नाकावर उतरेन. मित्रांनो, असा विचार चांगला नाही हे मला माहीत आहे. मी तो पाच वेळा केला.

मास्तरने आधी एक साधी फळी टेबलावर ठेवली आणि मला तिच्यावर. मी जागचा हललो नाही. मग त्याने फळी उचलून उलटी केली, या टोकाचे त्या टोकाला, आणि मला पुन्हा ठेवले. तरी मी हललो नाही.

"टेबल सरळ आहे," तो लोकांना म्हणाला. "पण एकदा बघून भागत नाही. फळी उलटी करून पुन्हा बघावं लागतं. गोळा दोन्ही वेळा सारखा वागला तर साक्ष जमिनीची. वेगळा वागला तर साक्ष फळीची."

मग त्याने मला सोडले. पहिल्यांदा बांधापेक्षा खाली धरून. मी चढलो, दमलो, परत पृथ्वीत आलो. लोक हळहळले. दुसऱ्यांदा त्याने दोनच बोटे वर धरले. मी खड्ड्यात उतरलो, चढलो, माथ्यावर इतका हळू झालो की मागचे लोक उठून उभे राहिले. मग पलीकडची ओढ लागली आणि मी चंद्रात पडलो. टाळ्यांचा कडकडाट झाला. नाक दोन हातांवर सुरक्षित राहिले. माझा सूड दोन बोटांनी हुकला.

मास्तरने शेवटी उलटा प्रवासही सांगितला. चंद्रावरून निघायला एक बोटभर चढ, पण माथा ओलांडून पृथ्वीकडे पडताना बावीस बोटांचा सगळा जोर परत मिळतो. जाताना जेवढे चढलात तेवढेच पडता. कमी नाही, जास्त नाही.

समारोपाला मोरोपंत उठला. त्याने मला चंद्रातून उचलले, डोळे बारीक करून पाहिले आणि ओळखले.

"मंडळी, योगायोग बघा. हा गोळा माझ्याच टेबलावरचा. मी नेहमी म्हणत आलोय, हा साक्षीदार फुटत नाही!"

पुन्हा टाळ्या. मी त्याच्या चिमटीत होतो. तीच ऊब.

तेवढ्यात चिकामागून आवाज आला. "मास्तर, एक इचारू काय?"

सभेत बाई बोलली म्हणून माना वळल्या. मास्तर म्हणाला, "विचारा ना."

"फयी उलटी केली न् गोया उलटाच पयाला, त मंग काय समजाचं?"

"फळी एका टोकाला जाड आहे असं समजायचं."

"मंग माह्या वावरात कोनं उलटी केलती फयी?"

मोरोपंताने मला टेबलावर ठेवले. "बाई, आजचं व्याख्यान चंद्राचं आहे."

"चंद्राचंच बोलून राह्यली मी, साहेब. त्याचा बांध आपोआप गेला. माहा बांध याच गोयानं गेला. तुमच्या फयीवरून."

सभागृहात मागे एक-दोघे हसले. पुढच्या रांगेतले महादेवराव वळून बसले. "बाई, तुमचं नाव?"

"सत्यभामा. घरधन्याचं नाव सहदेव. अर्ज तुमच्याचपाशी हाय."

"कधीपासून?"

"आठ महिन्यांपासून हाय. सुखात असन."

या वेळी सगळे हसले, महादेवरावही. पण त्यांनी खिशातून वही काढून काहीतरी लिहिले.

शून्य, पुन्हा

पंधरा दिवसांनी महादेवराव मोजणीची साखळी धरणारे गडी घेऊन मळ्यात आले. पंच आले, रविकांत मास्तर दोन्ही टोकांना सारखी फळी घेऊन आला, मोरोपंत छत्री घेऊन आला.

त्या सकाळी, कोणी यायच्या आधी, एक गोष्ट घडली होती. सत्यभामाबाईने स्वतः एक शोध लावला होता. फळी उलटवल्याने फळीची लबाडी उघडी पडते. पण जमिनीतच काही पुरून ठेवले, तर फळी कितीही उलटवा, गोळा एकाच बाजूला पळणार. निंबापलीकडे, मोरोपंताच्या बाजूला दोन हात आत, तिने कवेलूचा, म्हणजे छपराच्या कौलाचा, एक तुकडा जमिनीत दाबला आणि वर माती पसरली. फळीचे मोरोपंताकडचे टोक त्यावर उंच राहणार होते.

सहदेव म्हणाला, "बराबर केलं. त्यानं सहा खाल्ले, आपन दोन खाऊ."

मी तिच्या मुठीत होतो. मला आनंद झाला. सहा परत आणि वर दोन! माझ्या तोंडून एकदा खोटे निघालेच होते. आता दुसरे निघेल, पण या वेळी माझ्या मनासारखे.

महादेवरावांनी तिथे फळी टेकवली आणि हात पुढे केला. "द्या गोळा."

तिने मूठ पुढे केली. ती उघडेना.

"थांबा साहेब."

ती खाली बसली, नखांनी माती उकरली आणि कवेलूचा तुकडा काढून सगळ्यांसमोर धरला. "हे म्या ठेवलं होतं. दोन हातासाठी."

सहदेवने डोक्याला हात लावला. म्हातारा गोवर्धन म्हणाला, "अवो बाई, कोनाले दिसलं नोयतं. सांगतं काहून?"

"सांगतल्याबिगर त्यायले कसं म्हनू?" ती मोरोपंताकडे वळली आणि तुकडा त्याच्या पायाशी टाकला. "म्या माही खापर दाखोली. आता तुमी तुमची फयी दाखवा, वकीलसाहेब."

मोरोपंताने छत्री या हातातून त्या हातात घेतली. "ती फळी... आता कुठली असणार? सरपणात गेली."

"सागाची फयी सरपनात?" गोवर्धन म्हणाला. "मंग वकीलसाहेबाच्या घरी भात चंदनावर शिजत असन!"

पंच हसले. साखळी धरणारे गडी हसले. महादेवरावांनी तोंडावर रुमाल धरला. मोरोपंत हसला नाही. मी तिच्या मुठीच्या फटीतून त्याचा चेहरा पाहिला. वांग्याच्या वाफ्यात मी जेवढ्या रात्री काढल्या होत्या, त्या सगळ्या त्या चेहऱ्यावर उतरल्या होत्या. अकोल्याला नाकावर पडलो असतो तर हे पाहायला मिळाले नसते.

मग मोजणी झाली. फळी, गोळा. उलटी फळी, गोळा. हातभर पुढे, पुन्हा दोनदा. प्रत्येक जागेवर मी जमिनीने सांगितले तेच सांगितले. शेवटी एका रेघेवर मी दोन्ही वेळा स्तब्ध राहिलो.

महादेवरावांनी खुंटी ठोकली. "माथा इथे."

विहीर त्या रेघेपासून सात हात आत होती. विहीर वाचली. गेलेल्यातले पाच हात परत आले.

"पन सहा गेले होते," सहदेव म्हणाला. "निंब हातभर पुढं हाय."

"तो एक हात वकीलसाहेबांचाच होता. तुमच्या आज्याच्या आधी कोणीतरी बांध तिकडे निंबाकडे सरकवला असेल."

सत्यभामाबाईने माझ्याकडे असे पाहिले, की मला पुन्हा मातीत जावेसे वाटले. "थू तुह्या जिनगानीवर," ती मला म्हणाली. मग फावडे घेतले आणि त्याच दिवशी बांध घातला. रेघेवर. बोटभर इकडे नाही, बोटभर तिकडे नाही. मोरोपंताचा तो हात तिने सोडला, पण सोडताना प्रत्येक ढेकूळ आपटून ठेवले.

तो एक हात मी तिला दिला नाही. मित्रांनो, मला खोटे बोलता आले असते तर मी तिला दहा हात दिले असते, त्याची संत्र्याची बागही दिली असती. मला बोलता येत नाही. मी फक्त पडतो.

पाच हात

आता मी रविकांत मास्तरच्या शाळेत एका कपाटावर आहे. चंद्राचा साचा पावसात भिजून मोडला. माझा उपयोग कोणाला उरलेला नाही. धूळ बसते, गंज वाढतो. वर्षातून एकदा कोणी शिक्षक मला हातात घेतो, "हे काय?" म्हणतो आणि परत ठेवतो.

मोरोपंत अजून आहे. अजून अध्यक्ष होतो. पण त्याने कुठलाही कागद पुढे केला, की बडनेरा रस्त्यावरचे लोक आधी तो उलटा करून बघतात. त्याला रोज हे बघावे लागते. मला हे कळले तेव्हा मी जागच्या जागी अर्धे बोट फिरलो.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही कपाटांवर अशा वस्तू असतील. त्यांना पुसून ठेवत जा. कोणी त्यांना साक्षीला आणले, तर आधी फळी उलटी करून बघा, कारण त्यांना स्वतःहून काही सांगता येत नाही. आणि त्यांना खाली काढायचे असेल, तर दोन्ही हातांनी काढा आणि पाय बाजूला ठेवा. मला कोणीतरी पाच हात वर चढवले आहे. मी पडलो तर पाच हातांच्या जोराने पडेन. खाली कोणाचा पाय आहे ते मी बघणार नाही. तो मोरोपंताचा असला, तरी मला बोटभरही जास्त जोराने पडता येणार नाही.